वेकस्केट: मामा (माजी मालगुजारी) तलावावर लाकडी फळी कितपत चालेल?
वेकस्केट म्हणजे दोरीने ओढलं जात पाण्यावर उभं राहून घसरायची फळी. ४३ इंची, मॅपल प्लायची ही फळी पायाला बांधलेली नसते. सगळी भिस्त वरच्या ग्रिप टेपवर. पकड झकास, पण अनवाणी तळवे सोलतात, म्हणून जुने कॅनव्हासचे बूट घाला. खोट कडांच्या वार्निशात आहे. तिथून पाणी शिरलं की प्लायचे पदर सुटतात. आधीच इपॉक्सी लावून पूर्ण वाळू द्या. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात तर फळी ठेवूच नका.

विंच (काठावरून दोरी गुंडाळत ओढणारं यंत्र) चालवणाऱ्याला सुरुवातीला हळू ओढायला सांगा. झटका बसला की फळी पायाखालून निसटते. गुडघे वाकलेले, हँडल कमरेजवळ, वेग ताशी २५-३० किलोमीटर पुरे. लाइफ जॅकेट हवंच. भंडारा-गोंदियाकडे शिंगाड्याचे वेल फळीखालच्या फिनमध्ये (पात्यात) गुंततात. शिवाय ती कुणाची तरी शेती असते, तिथून लांबच राहा. नवशिक्याने मात्र फोमच्या पृष्ठाचीच घ्यावी, नडगी वाचते.