नाशिकच्या मखमलाबादला सेप्टिक टँक उपसायची गाडी बोलावली होती (४ स्टार)

आमच्या लेआउटला अजून ड्रेनेज लाइन आलेली नाही त्यामुळे सगळं सेप्टिक टँकवर. प्लॉट उताराला, खाली काळी माती, ती पावसाळ्यात पाणी पितच नाही म्हणून शोषखड्डा वरच्या बाजूला मुरमात घेतलाय आणि टँकच्या शेवटच्या कप्प्यातलं पाणी पंपाने वर चढवतो. तर जुलैत पंप बंद, खालच्या बाथरूमचं पाणी उतरेना आणि घरात पाहुणे. आधी एका मोटर रिपेअरवाल्याला बोलावलं, त्याने झाकणही न उघडता सांगितलं वाइंडिंग जळालंय, नवीन घ्या.

मग ही व्हॅक्यूम गाडी बोलावली. सकाळी ९ ला येतो म्हणाले आणि उगवले साडेबाराला. पण माणसं कामाची निघाली. झाकणं उघडून बराच वेळ तशीच ठेवली, जवळ कोणाला फिरकू दिलं नाही. सासरे म्हणत होते एकजण आत उतरून नीट घासून काढा, तर ड्रायव्हरदादा सरळ म्हणाले काका आत गॅस असतो, माणूस हाक मारायच्या आत जातो, आणि माणूस उतरवायला कायद्याने बंदी आहे. (खरंय, सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.) मग पाणी मारून तळाचा गाळ ढवळला आणि तो ओढला. हे बघायला तिथे उभं राहाच, नाहीतर वरवरचं पाणी ओढून गाडी भरली म्हणतात आणि गाळ तसाच. थोडासा मात्र मुद्दाम ठेवला, त्यातले जिवाणू पुढे कामाला येतात म्हणे. आमचा टँक ७ वर्षांत पहिल्यांदा उपसला, त्यांच्या मते दर २-३ वर्षांनी करायला हवा.

पंप वर काढला तर फ्लोटच्या (पाणी चढलं की तरंगत वर येऊन मोटर चालू करणारा स्विच) वायरीला बेबी वाइप्सचा हा एवढा गुंता, फ्लोट उचललाच जात नव्हता मग मोटर चालू होणार कशी. साफ करून लावला, ठणठणीत! वाइप्स तिथवर पोचले कारण आधीच्या कप्प्याचा टी पाइप (वरचा थर अडवून मधलंच पाणी पुढे सोडणारा T आकाराचा पाइप) तुटलेला, वर तरंगणारा सगळा थर सरळ पुढे जात होता. तोही बदलून दिला. वाइप्स कमोडमध्ये कोण टाकतं हे घरात अजून कोणी कबूल केलेलं नाही.

पैसे ३,००० ठरले होते, पाइप लांब टाकावा लागला म्हणून ५०० जास्त घेतले, ते फोनवरच सांगायला हवं होतं पण ठीक आहे. एक स्टार कापलाय तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. जाताना विचारलं हे खाली कुठे करता, टाकळीच्या सांडपाणी प्लांटला का तपोवनच्या, तर म्हणे "ते आम्ही बघतो ना ताई". नाल्यात सोडलं तर शेवटी गोदावरीतच जाणार ना ते. पुढच्या वेळी आधी हे विचारणार, मग भाव.