पंचगंगेच्या पाणीपातळीचा मेसेज : 5 पैकी 4 स्टार

कोल्हापुरात पावसाळ्यात एक सर्व्हिस अशी आहे की वापरतात सगळे पण रिव्ह्यू कुणी लिहीत नाही, राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा सरकारी मेसेज. फुकट, ॲप नको, कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. पातळी इतके फूट इतके इंच, खाली पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची नावं, शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, मग राधानगरी धरणाचा विसर्ग किती क्युसेक. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. झालं. मंत्र्याचा फोटो नाही, 'नागरिकांनी घाबरून जाऊ नये' नाही.

आता गंमत बघा, आमच्या गल्लीत सरकारवर विश्वास असलेला माणूस शोधून सापडायचा नाही. 2019 ला लोक पाण्यात असताना 2 दिवसांपेक्षा जास्त पाणी राहिलं तरच मोफत धान्य असा जीआर निघाला होता, तो अजून कुणी विसरलेलं नाही. पुराची कारणं शोधायला सरकारनंच नेमलेल्या वडनेरे समितीनं 2020 ला सांगितलं महापुराला कर्नाटकातलं अलमट्टी धरण जबाबदार नाही, आणि 2025 ला राज्य सरकारच म्हणतंय अलमट्टीची उंची वाढवली तर कोल्हापूर-सांगलीला धोका. (आहे ती उंची वेगळी, वाढवलेली वेगळी, हे मला कळतं हो, पण ते चौकात येऊन समजावणार कोण?) तरी त्याच सरकारचा फूट-इंचाचा मेसेज आला की हीच माणसं गुमान फ्रीज कॉटवर चढवतात. कारण सोपं आहे, आकडा खोटा असला तर शिवाजी पुलावर उभं राहिलेलं शाळेतलं पोरगं पण सांगेल. पुराच्या नुकसानीच्या पंचनाम्याच्या यादीत असं कुठं उभं राहून बघता येतंय.

देवाधर्माचं पण तसंच. पाणी चढलं की घाटावर बायका नदीची ओटी भरायला जातात, माझी आई पण जाते, मीच गाडीवरून सोडतो. नृसिंहवाडीला दत्त मंदिरात पाणी शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा, स्नानाला ही गर्दी, आणि तेच पाणी पुढं वाढलं की शिरोळ तालुक्यातली माणसं जनावरं घेऊन बाहेर पडतात. मला हे काही झेपत नाही. आईला म्हटलं नदी आई आहे म्हणतेस मग घरात कशाला शिरते, तर म्हणाली "आई घरात यायची नाही तर कुठं जायची? तू गप सामान वर घे." बरं, ओटी भरायला आज जायचं का उद्या हे पण ती मेसेज बघूनच ठरवते. शाहूपुरी कुंभार गल्लीत, बापट कॅम्पात गणपतीच्या मूर्ती कधी हलवायच्या ते पण फूट-इंचावरच ठरतं, पंचांग कुणी उघडत नाही.

मेसेजमधली माझी आवडती ओळ राधानगरीची. शाहू महाराजांनी सुरू केलेलं धरण, त्याला 7 स्वयंचलित दरवाजे, पाण्याचा दाब आला की आपोआप उघडतात, एकातून 1428 क्युसेक. कुणाची सही नको, कुणाचा फोन नको, मुहूर्त नको. रात्री '6 नंबर उघडला' एवढं वाचलं की कट्टयावरचा राजकारणाचा विषय बंद, सगळे उठून घराकडं. एवढा धाक आमच्या गल्लीत एकाही साहेबाचा नाही.

एक स्टार का कापला? कारण मेसेज बंधाऱ्याचे फूट सांगतो, आपल्या दारातलं पाणी सांगत नाही. ते गणित लोकांनी स्वतः बसवलंय, जामदार क्लबला आलं, गायकवाड वाड्याला टेकलं, आता सुतारवाडा, मग आपण. नवीन भाडेकरूला यातलं काय कळणार, त्याला 43 म्हणजे नुसता आकडा. पूररेषेचे नकाशे सरकारकडंच आहेत ना, मग किती फुटाला कुठली गल्ली हे मेसेजच्या खाली टाकायला काय जातंय? (आणि पूररेषेच्या आत उंच बिल्डिंगा कशा उभ्या राहिल्या हे विचारलं की मात्र सगळे वरच्या मजल्याकडं बघतात.)

बाकी वापरायला एकदम सोपी सर्व्हिस. फक्त जुन्या पुराचे मेसेज आणि व्हिडिओ दरवर्षी परत फिरतात, तेवढं सांभाळा. वर तारीख आणि वेळ नसेल तर डिलीट मारा, भले मग तो मोठ्या काकांनी पाठवलेला असू दे.