हिरड्यांच्या शस्त्रक्रियेच्या नावाखाली झालेली फसवणूक

माझ्या थोरल्या बहिणीच्या वरच्या सुळ्यांवरील हिरड्या मागे सरकून दातांची मुळे उघडी पडली होती आणि थंड पाण्याचा घोट घेतला तरी कळ जात असे. म्हापशातील एका खासगी दवाखान्याने टाळूतील ऊती काढून ती हिरडीत बसवण्याची, म्हणजे ग्राफ्टची, शस्त्रक्रिया सुचवली आणि सगळी रक्कम आगाऊ घेतली. उपचार योग्यच होता; फसवणूक झाली ती पुढे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी ताई तासाभरात बाहेर आली. हिरड्या सुजलेल्या होत्या, आणि त्या सुजेमुळे झाकल्यासारख्या दिसणाऱ्या मुळांचा फोटो काढून तो आम्हाला यश म्हणून दाखवण्यात आला. सूज ओसरली तशी मुळे पुन्हा पूर्वीइतकीच उघडी पडली. विचारणा केली तेव्हा ‘तुमच्या शरीराने ग्राफ्ट स्वीकारला नाही’ असे उत्तर मिळाले, शिवाय दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्चही सांगण्यात आला.

शेवटी आम्ही बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात गेलो. तेथील डॉक्टरांनी आरशाने टाळू पाहिली, बारीक खुणा असलेल्या सळईने हिरडी मिलिमीटरमध्ये मोजली आणि टाळूला जखम झाली होती का, टाके कधी काढले, असे विचारले. टाळूला जखम झालीच नव्हती आणि टाकेही कुठे घातलेले नव्हते. केवळ दात खरवडून साफ करून त्यावर लेझर फिरवला होता; बिलावर मात्र ‘टाळूतून घेतलेला ग्राफ्ट’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. टाळूतील ऊतीऐवजी कोलॅजन या प्रथिनाचा पडदा वापरूनही ही शस्त्रक्रिया करता येते, पण तसा उल्लेख कागदपत्रांत कुठेही नाही, आणि तसे केले असते तरी सहसा टाके घालावे लागतात.

लेझरने हिरडी पुन्हा उगवते, हा दावा कोणी केला तर तेथेच थांबावे. दोन दातांमधील हाड आणि हिरडी शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकण्याची शक्यता चांगली असते. ते हाड झिजले असेल तर पूर्ण झाकण्याची हमी कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. म्हणून आधी एक्स-रे काढून घ्यावा, प्रत्येक दाताचे माप लिहून घ्यावे, डॉक्टर हिरड्यांच्या विषयात एमडीएस (दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी) आहेत का ते विचारावे आणि ऊती कोठून घेणार हे संमतिपत्रावर लिहून मागावे. हे विचारायला संकोच वाटतो, विशेषतः गावाकडून आलेल्या माणसाला, आणि त्याच संकोचावर अशा लोकांचे फावते.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. ताईचे बिल, सुजलेल्या हिरड्यांचा तो फोटो आणि बांबोळीचा तपासणी कागद जोडून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे.