लिकरसाठी मॅजिक मोमेंट्स: बेस चांगला, पण पाकाचं प्रमाण बदला

घरी लिकर, म्हणजे फळं वगैरे भिजवून केलेली गोड दारू, करायची तर मॅजिक मोमेंट्स या व्होडकाची जमेची बाजू म्हणजे तिला स्वतःची चव फारशी नाही. धान्यापासून केलेली, सहज मिळणारी, 42.8 टक्के अल्कोहोलची. मर्यादाही त्या आकड्यातच आहे. इटलीत सोरेंतो-अमाल्फीकडे लिमोनचेल्लो ही लिंबाची लिकर 95-96 टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये करतात. तिथली कृती जशीच्या तशी उचलून 750 मिलीच्या बाटलीत अर्धा किलो साखर आणि अर्धा लिटर पाण्याचा पाक ओतला, की हाती उरतं जेमतेम 20 टक्क्यांचं गोडमिट्ट सरबत.

बाटलीमागे 200 ग्रॅम साखर आणि 200 मिली पाणी पुरे. पाक पूर्ण गार करूनच मिसळा. लिकर साधारण 30 टक्क्यांची उतरते.

लिंबं दहा-बारा, पिवळी, गरम पाण्यात घासून धुतलेली. कागदी लिंबाची साल पातळ, त्यामुळे सोलणीपेक्षा बारीक किसणी बरी, तीही हलक्या हाताने. पांढरा भाग लागला की कडवटपणा उतरतो आणि कितीही साखर घातली तरी तो झाकत नाही. किसलेली साल व्होडकात भिजवायची: काचेच्या बरणीत, अंधारात, दोन आठवडे; पाक त्यानंतर. कमी तीव्रतेत सालीतलं तेल सावकाश सुटतं, म्हणून चार दिवसांत गाळण्याची घाई नको. दुधाळ गढूळपणा मात्र इथे फारसा येणार नाही. तो कडक अर्कात पाक पडल्यावर सुटलेल्या तेलाचा असतो. रंग फिकट पिवळा राहिला म्हणून काही बिघडलं असं नाही.

स्ट्रॉबेरीचा हिशेब वेगळा. अर्धा किलो फळातून भरपूर पाणी सुटतं, तेव्हा पाक नकोच. कोरडी साखर 150 ग्रॅम घाला. आठवड्याच्या आत गाळा, मलमल पिळू नका. पिळलं की गर आणि पेक्टिन उतरून लिकर गढूळ होते, कॉफी फिल्टरही तुंबतो.

कॉफीला 24 तास बास. 60 ग्रॅम जाडसर पूड, चिकोरी नसलेली. जास्त ठेवली तर तुरट होते.

आलं किंवा मिरीसाठी मात्र ही व्होडका फिकी पडते. तिथे काजू फेणी घ्या. लिंबाला मारून टाकणारा तिचा वास आल्यापुढे छान उभा राहतो.

स्वस्तात पडतं म्हणून सर्जिकल स्पिरिट किंवा हातभट्टी वापरायचा विचारही नको, मिथेनॉल गाळून निघत नाही. आणि बाटली साधीच घ्या. फ्लेवरवाली घेतलीत तर त्यावर तुमची लिंबं वाया.