परीक्षेच्या ताणाचा सराव: सहा रविवारांच्या वर्गाविषयी एका पालकाचा अभिप्राय

मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आली असताना जानेवारी-फेब्रुवारीतील सहा रविवार आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी एका अभ्यासिकेने घेतलेल्या सराव वर्गाला दिले. शुल्क ९०० रुपये होते. नवे काही शिकवणार नाही, परीक्षेच्या दडपणाची सवय तेवढी करून देऊ, असे संचालकांनी आधीच सांगितले होते. मला तेच हवे होते, कारण अभ्यास चोख असूनही सहामाहीला बीजगणिताच्या पेपरात मुलीचे हात घामाने ओले झाले आणि घरी येऊन ती म्हणाली, “बाबा, पेपर पायला का सगळं इसरते.”

वर्गाची खरी जमेची बाजू म्हणजे परीक्षेची हुबेहूब तालीम. बोर्डाच्या सकाळच्या पेपराप्रमाणे साडेदहाला वर्गात बसायचे, शेजारी दुसऱ्या गावचे अनोळखी मूल, उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक अंकी आणि अक्षरी लिहायचा, अकराला पेपर हाती आणि पुरवणी हवी असल्यास उभे राहून मागायची. मंडळाने २०२३ पासून पेपराच्या शेवटी वाढवून दिलेली १० मिनिटे नवे काही न लिहिता केवळ प्रश्नक्रमांक तपासण्यात आणि पुरवण्या बांधण्यात घालवावीत, हा त्यांचा दंडक मला विशेष पटला. तिसऱ्या रविवारी भरारी पथक म्हणून दोन अनोळखी माणसे आत शिरली आणि त्यांनी कंपासपेट्या उघडून पाहिल्या, तेव्हा मुलीचा पेन पाच मिनिटे थांबला होता. पाचव्या रविवारी ती माणसे पुन्हा आली, तर हिने मान वर केली नाही. मार्चमध्ये खरे पथक येऊन गेल्याचे तिने आम्हाला रात्री जेवताना, तेही दुसऱ्याच विषयावरून आठवले म्हणून सांगितले.

पेपराआधी १० मिनिटे मनातील भीती कागदावर उतरवायची, हा प्रकार मला सुरुवातीला थेर वाटला. काळजी डोक्यातील तीच जागा अडवते जिच्यात गणिताच्या पायऱ्या धरून ठेवायच्या असतात, असे तेथील शिक्षकांनी समजावले. असे लिहिणाऱ्या, परीक्षेला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारल्याचे संशोधन २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. कागद कोणी वाचत नसे. मुलीने आपला एक कागद आईला दाखवला. त्यात भूमितीपेक्षा तिच्या चुलत बहिणीच्या गुणांविषयीच अधिक मजकूर होता, आणि ते नाव घरात रोज मीच काढत होतो. श्वास सावकाश घेऊन त्याहून सावकाश सोडण्याचा सरावही करून घेतला, पण तो एकाच रविवारी आणि घाईने.

आता उणिवा. दर रविवारी गुणांची क्रमवार यादी नावांसह भिंतीवर लावली जाई. ताण हलका करण्यासाठी भरवलेल्या वर्गात याहून विसंगत काय असू शकते, हे मला अद्याप कळलेले नाही. यादीत सतत तळाशी राहणारा एक मुलगा चौथ्या रविवारपासून आलाच नाही. संचालकांना विचारले, तर पालकच यादी मागतात, असे उत्तर मिळाले, आणि हे उत्तर अगदीच खोटे नव्हते. शेवटच्या दिवशी एका वक्त्याने जिद्दीवर दीड तास भाषण दिले. त्याऐवजी आणखी एक सराव पेपर घेतला असता तर बरे झाले असते. पेपर दोनला सुटे आणि आमच्या गावाची एसटी साडेतीनला, त्यामुळे खेड्यांतील मुले उपाशीपोटी स्थानकावर ताटकळत.

सर्वांत गंभीर बाब अशी, की समुपदेशक तेथे एकही नव्हता. झोप उडालेल्या, जेवण तुटलेल्या मुलाला सराव पेपर पुरत नाही. अशा वेळी १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा चोवीस तास, मराठीतूनही मिळते. निदान हा क्रमांक त्या भिंतीवर यादीच्या जागी लिहिता आला असता.

मुलीसाठी भरलेले शुल्क वाया गेले, असे मी म्हणणार नाही. हीच अभ्यासिका आता नवोदय प्रवेश परीक्षेसाठी पाचवीच्या मुलांचा असाच वर्ग काढत आहे. दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे असल्याने घड्याळाची सवय तेथेही लागतेच. धाकट्याला मात्र आम्ही दोनच रविवार पाठवणार आहोत, आणि तेही भिंतीवर यादी न लावण्याचे संचालकांनी कबूल केले तरच.