उन्हाळ्यातली एक रात्र: यात्रेतला तमाशा की कोकणातला दशावतार?

माझं आजोळ जुन्नर तालुक्यात आणि सासर कुडाळजवळ. त्यामुळे पाडवा जवळ आला की ओळखीतले लोक हमखास विचारतात, "मुलांना घेऊन एकदा उघड्यावरचा खेळ बघायचाय. एकच रात्र आहे हाताशी. तमाशा बघावा की दशावतार?" मी दोन्ही लहानपणापासून, लग्नानंतर आणि आता मुलांसोबत बघत आले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पंचांग बघा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड भागातल्या यात्रा चैत्र-वैशाखात दाटीने येतात: हनुमान जयंती, भैरवनाथाची अष्टमी, कुठे अक्षय्य तृतीया. बुद्ध पौर्णिमा सरली की तमाशाचा हंगाम आटोपत येतो. दशावताराचं तसं नाही. कार्तिकातल्या जत्रांपासून सुरू झालेल्या कंपन्या पाऊस दाराशी येईपर्यंत फिरत असतात. मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असतात, कुणाकडे सत्यनारायण, कुठे देवळाचा वर्धापनदिन, आणि त्या निमित्ताने नाटक ठरतं. म्हणजे एप्रिलमध्ये सुट्टी असेल तर दोन्ही पर्याय खुले. मेच्या शेवटच्या आठवड्यात असेल तर कोकणच.

तमाशाची तारीख मात्र नीट विचारून घ्या. एकदा आम्ही गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबून गेलो आणि पोचलो तेव्हा मांडव सोडत होते. यात्रा तिथीवर चालते, कॅलेंडरच्या तारखेवर नाही. मुलं रडवेली झाली होती.

तारखा कशा ठरतात हे बघायचं असेल तर पाडव्याच्या आधी नारायणगावला जा. पुण्याहून साधारण पंच्याहत्तर किलोमीटर, नाशिक रस्त्यावर. तिथे फडांच्या, म्हणजे तमाशा कंपन्यांच्या, राहुट्या लागतात, प्रत्येकीवर फडाचा फलक. आत मॅनेजर वही घेऊन बसलेला आणि समोर गावोगावची पंचमंडळी. कोणत्या तिथीला किती मागणी त्यावर सुपारीचा, म्हणजे खेळाच्या ठरलेल्या रकमेचा, आकडा हलतो. एकाच अष्टमीला दहा गावांना तोच फड हवा असतो. पावसाळ्यात उचल घेऊन दिवस काढलेल्या कलावंतांचं वर्षाचं गणित त्या वहीवर सुटतं किंवा अडकतं. राष्ट्रपतींकडून गौरवल्या गेलेल्या तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या गावातली ही राहुटी बघितली, की रात्री स्टेजवर उभ्या असलेल्या माणसांकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघता.

आता खेळ. तमाशा ढोलकी-हलगीच्या सलामीने उघडतो. मग गण, मग गौळण. गौळणींना अडवणारा पेंद्या आणि त्यांची मावशी ही जोडी हशा वसूल करते. पुढे बतावणी म्हणजे विनोदी संवाद, लावण्या आणि शेवटी वग. वग म्हणजे नाटकच, ऐतिहासिक किंवा सामाजिक, आणि चांगल्या फडाची खरी ताकद तिथे दिसते. ढोलकी फडाचा तमाशा वेगळा आणि नुसत्या गाण्या-नाचाची संगीतबारी वेगळी, हे लक्षात ठेवा. यात्रेत येतो तो फडाचा. मोठे फड स्वतःचा तंबू लावून तिकीट काढतात. गावाने सुपारी देऊन आणलेला खेळ बहुतेक वेळा उघड्या मैदानावर, सगळ्यांना फुकट. पहिल्यांदा जाणाऱ्याने हा दुसरा प्रकार बघावा, असं माझं मत. तिथे गाव दिसतं.

दशावतार बरोबर उलट्या स्वभावाचा. पडदा एक, बाकडं एक. तेच सिंहासन, तोच रथ, तीच कैलासाची शिळा. पुरुषच सगळ्या भूमिका करतात, आणि आख्यानाचे, म्हणजे मुख्य कथेचे, संवाद लिहिलेले नसतात. कथा पुराणातली ठरलेली, कुणी कुणाची भूमिका करायची ते ठरलेलं. बाकी बोलणं नट तिथल्या तिथे रचतात. राजा आणि ऋषी तत्त्वज्ञानावर वाद घालू लागले की समोरचे म्हातारे पुढे सरकून ऐकतात, कारण हा वाद काल दुसऱ्या गावात असा झाला नव्हता, हे त्यांना ठाऊक असतं.

आख्यानाआधी, सुरुवातीला आडदशावतार असतो. लाकडी मुखवट्याचा गणपती, रिद्धी-सिद्धी, मोरावर बसलेली सरस्वती, आणि वेद चोरणारा काळ्या वेशातला संकासूर. हा संकासूर मालवणीत बोलतो, मुलांच्या अंगावर धावून जातो. माझा धाकटा चार वर्षांचा असताना त्याला बघून माझ्या पदरात शिरला आणि तिथूनच "परत बोलव त्याला" म्हणाला.

लवकर पोचलात तर परवानगी विचारून रंगपटात डोकवा. देवळाच्या पडवीत चटईवर नट ओळीने बसलेले असतात, प्रत्येकासमोर आपापली पेटी आणि तळहाताएवढा आरसा. कुणी कुणाला रंगवत नाही, ज्याचा त्याने. तासापूर्वी बिडी ओढत बसलेला मिशा काढलेला माणूस भुवया कोरतो, नऊवारीचा काष्टा घालतो, नथ अडकवतो आणि उभा राहतो तो द्रौपदी होऊनच. मुलांना नाटक म्हणजे काय हे शिकवायचं असेल तर यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

एक अडचण दोघांनाही आहे, पण तिचा फटका सारखा नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातून मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. तमाशात वग शेवटी येतो. भाषणं आणि सत्कार लांबले, खेळ साडेनऊला सुरू झाला, तर गण-गौळण आणि चार गाणी होऊन पडदा पडतो आणि वग राहून जातो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मग लोक म्हणतात तमाशा म्हणजे नुसती गाणी. दशावतारात वेळ कमी असेल तर आडदशावतार आखूड करतात किंवा गाळतात, आख्यान टिकतं. शिवाय एक पायपेटी, एक मृदंग आणि झांज एवढ्यावर चालणारा खेळ लहान वाडीत माइकशिवायही पोचतो. म्हणून गोष्ट पूर्ण बघायची असेल, तर दशावताराची खात्री जास्त.

संगीतासाठी जाणार असाल तर मी बेलाशक तमाशाकडे पाठवेन. ढोलकी आणि हलगीचे सवाल-जवाब पंधरा फुटांवरून ऐकणं ही अंगाने ऐकायची गोष्ट आहे, छातीत घुमते. तुणतुण्याची एकसुरी तार आणि मागून साथ धरणाऱ्या झीलकऱ्यांचा चढा "जी जी" रेकॉर्डिंगमध्ये अर्धासुद्धा येत नाही. दशावतारातली पदं नाट्यसंगीताच्या वळणाची, गोड असतात, पण ती कथेच्या मागे चालतात.

बायकामुलांना घेऊन तमाशाला जावं का, हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात. जावं. मी आजीबरोबर गेले आहे. फक्त पुढच्या बाजूला रात्र चढते तसा गोंगाट वाढतो, माइकवर दौलतजादा, म्हणजे बक्षिसाचे पैसे, देणाऱ्यांची नावं पुकारली जातात. कडेला, बायका बसतात तिकडे बसा. पण सगळ्यात चांगली युक्ती म्हणजे दुसऱ्या दिवशीची हजेरी. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी फड पुन्हा उभा राहतो, संध्याकाळी कुस्त्यांचा आखाडा. काही गावांत घाटात बैलगाडा शर्यतीही असतात. पोरांना गोडीशेव-रेवडी आणि उसाचा रस, दहाची घाई नाही.

दशावताराला जाताना फलक वाचा. "ट्रिकसीन" लिहिलं असेल तर रोषणाई, धूर, देव हवेतून येणं असला थाट मिळेल. मुलांना आवडतो, मला त्यात नटाचं बोलणं बुजल्यासारखं वाटतं. "संयुक्त दशावतार" असेल तर वेगवेगळ्या कंपन्यांमधले नामवंत नट एका रात्री एकत्र, तो सोडू नका. वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर, आरोलकर अशा जुन्या कंपन्यांपैकी कुणाचा साधा प्रयोग मिळाला तर पहिल्यांदा तोच बघा.

खर्च खेळाचा नाही, पोचण्याचा आहे. जुन्नरकडे पुण्यातून गाडीने जाऊन रात्रीच परतता येतं. कुडाळ-सावंतवाडीची मे महिन्यातली रेल्वे तिकिटं आरक्षण खुलं होतं त्याच दिवशी, म्हणजे साठ दिवस आधी, काढावी लागतात, आणि राहायला कुणाचं तरी घर हवं. नाटक कुठे आहे हे कुडाळच्या बाजारात, रिक्षावाल्याला किंवा देवळाच्या गुरवाला विचारलं की कळतं. बरेचदा चारच दिवस आधी ठरतं.

पुण्या-मुंबईतले असाल, एप्रिलचा शनिवार असेल, मुलं आठ-दहा वर्षांची असतील, तर यात्रेला जा आणि मुक्काम करून हजेरी बघा. आठवडाभर कोकणात राहणार असाल तर तमाशाचा विचार बाजूला ठेवा. दुपारी झोप काढा, अंगावर घ्यायला एक चादर आणि बसायला चटई न्या, आणि पेटीवाल्याच्या बाजूला जागा धरा. तिथून नट पडद्याआड पुढचं वाक्य पुटपुटत उभा असतो, तेही दिसतं.