ताजमहाल पॅलेस, मुंबई: पॅलेस विंग की टॉवर?

'ताजमध्ये खोली बुक केली' एवढ्यानं काहीच ठरत नाही. अपोलो बंदरावरच्या या हॉटेलात दोन इमारती आहेत. एक 16 डिसेंबर 1903 रोजी सुरू झालेली घुमटाची जुनी वास्तू, म्हणजे पॅलेस विंग. दुसरा, तिला खेटून 1970च्या दशकात उभा राहिलेला टॉवर. बुकिंग करताना दोन्हींच्या खोल्या एकाच यादीत दिसतात आणि त्यातली स्वस्त खोली बहुधा टॉवरमधली असते. मनात कोरीव सज्जे असतात आणि हाती किल्ली येते साध्या आधुनिक खोलीची. म्हणून पैसे भरण्याआधी विंगचं नाव वाचाच.

एकच रात्र आणि तीही ताजसाठीच काढली असेल, तर पॅलेस विंग घ्या. समुद्राकडची खोली परवडत नसेल तर शहराकडची चालेल, पण विंग सोडू नका. इथलं खरं वैभव खोलीच्या दाराबाहेर आहे. सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी आखलेल्या या इमारतीत घुमटाखालचा जिना मधल्या खांबांच्या आधाराशिवाय वर चढत जातो. लिफ्ट टाळा, वरच्या मजल्यावरून पायी उतरा आणि प्रत्येक मजल्यावर कठड्याशी थांबून खाली पाहा. मात्र वास्तू जुनी असल्यानं खोल्या एकसारख्या नाहीत. एकाच दराच्या दोन खोल्यांत बराच फरक पडू शकतो. खोली किती चौरस फुटांची, खिडकी कुठल्या दिशेला, हे ईमेलवर लेखी विचारून घ्या.

कामासाठी तीन-चार दिवस राहायचं असेल तर टॉवर सोयीचा. समुद्राकडची, शक्य तितकी वरची खोली मागा. गेटवे आणि रांगेत डोलणाऱ्या लाँच तिथून पूर्ण दिसतात.

एक गैरसमज हमखास होतो. इथला समुद्र पूर्वेला आहे. खिडकीतून सूर्योदय मिळेल, सूर्यास्त नाही. त्यासाठी नरिमन पॉइंटची पश्चिमाभिमुख हॉटेलं पाहावीत.

दर 7,500 रुपयांच्या वर असल्यानं 18 टक्के जीएसटी लागतो. 30,000ची खोली 35,400ला पडते. नाश्ता दरात आहे का, तेही पाहा. अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडकवली जाते. डेबिट कार्ड दिलंत तर ती सुटायला काही दिवस जातात, त्यामुळे क्रेडिट कार्डच द्या.

31 डिसेंबरला गेटवेसमोर तुफान गर्दी आणि बंदोबस्त असतो, गाडी दारापर्यंत यायला फार वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी घारापुरीचा बेत असेल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद असतात, तेव्हा अलिबागला जाणाऱ्यांनी भाऊच्या धक्क्यावरची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, धरावी. आणि हॉटेलातल्याच सी लाउंज या चहापानाच्या दालनात खिडकीलगतचं टेबल हवं असेल तर ते खोलीबरोबरच सांगून ठेवा. हॉटेलात उतरलात म्हणून ते आपोआप मिळत नाही.